हरवला कोण होता?

(दृश्य : रात्र. डेट्रॉइट नदीचा काठ. दुरून गिटार ऐकू येते.)

१९६० चं दशक संपत आलंय. नदीकाठच्या एका बारमध्ये सिगारेटचा धूर एवढा दाटलाय की गाणारा धड दिसत नाही. दिसते ती त्याची पाठ. हा गडी लोकांकडे तोंड करून गातच नाही, भिंतीकडे बघून गातो.

डेनिस कॉफी आणि माइक थिओडोर त्याला ऐकायला आले होते. दोघंही रेकॉर्ड बनवणारे. चेहरा दिसायच्या आधीच त्यांना आवाज पटला.

सिक्स्टो रॉड्रिगेझ. जन्म १९४२, अमेरिकेतलं डेट्रॉइट. मेक्सिकोतून आलेलं कष्टकरी कुटुंब. घरातलं सहावं मूल, म्हणून सिक्स्टो. मार्च १९७० मध्ये त्याचा पहिला अल्बम आला, 'कोल्ड फॅक्ट'. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. मोडकळीला आलेलं शहर, गर्द विकणारे, थापा मारणारे सत्ताधारी, सगळं त्यात होतं, तेही अगदी हळू, जवळपास गोड आवाजात. पुढच्या वर्षी लंडनला रेकॉर्ड केलेला दुसरा अल्बम आला, 'कमिंग फ्रॉम रिअ‍ॅलिटी'. अमेरिकेत दोन्ही पडले. कंपनीने करार संपवला. तिसऱ्या अल्बमचं काम सुरू झालं होतं, ते तसंच राहिलं.

(दृश्य : अर्धवट पाडलेलं घर. भिंतीवर जुन्या वॉलपेपरचे तुकडे.)

मग त्याने हातात पहार घेतली. जुनी घरं पाडायची, आतून साफ करायची, राडारोडा उचलायचा. कधी कारखान्यात पाळी. अधूनमधून शिक्षण. तत्त्वज्ञान घेऊन त्याने वेन स्टेट विद्यापीठाची पदवी मिळवली. तीन मुली वाढवल्या. त्याच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात की धुळीच्या, घाणीच्या कामालाही हा कधीकधी टक्सिडो, म्हणजे समारंभात घालायचा सूट, घालून यायचा.

आता नकाशावर खाली या. दक्षिण आफ्रिका.

वर्णद्वेषी राजवट, जगाने टाकलेला बहिष्कार. टीव्ही देशात आला तोच १९७६ मध्ये. अशा बंद घरात 'कोल्ड फॅक्ट' कुठून तरी आत शिरला. कुणी आणला, याच्या दंतकथाच जास्त. पण एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी असं करत तो गोऱ्या तरुणांच्या घराघरांत गेला. सरकारविरुद्ध बोलता येतं, हे आम्हाला पहिल्यांदा या गाण्यांनी सांगितलं, असं आफ्रिकान्स भाषेत गाणारे काही रॉक गायक आजही म्हणतात.

(दृश्य : रेकॉर्डचा क्लोज-अप. कॅमेरा हळूहळू खोबणींजवळ जातो.)

सरकारी रेडिओच्या संग्रहात या अल्बमची एक प्रत सापडली. 'शुगर मॅन' हे गाणं अमली पदार्थांबद्दलचं. त्या गाण्याच्या खोबणींवर कुणीतरी अणकुचीदार हत्याराने ओरखडे ओढलेत. आदेशाचा कागद हरवेल, निवेदक चुकून गाणं लावेल, म्हणून थेट तबकडीच जखमी केलेली. सुई ठेवली की घसरणारच. सेन्सॉर एवढ्या हातघाईवर आलेला क्वचितच बघायला मिळतो.

गाणी घरोघरी, पण गायकाबद्दल कुणालाच काही माहीत नाही. मग अफवा. कुणी म्हणे त्याने स्टेजवर स्वतःला पेटवून घेतलं, कुणी म्हणे गोळी झाडून घेतली. त्याच्या मरणावर सगळ्यांचं एकमत होतं, वाद फक्त कसा मेला यावर.

१९९० च्या दशकात केप टाउनचा स्टीफन सेगरमन आणि पत्रकार क्रेग बार्थोलोम्यू स्ट्रायडम या मरणाचा छडा लावायला निघाले. सेगरमनने वेबसाइट काढली, तिच्यावर दुधाच्या खोक्यावर छापलेला रॉड्रिगेझचा चेहरा. अमेरिकेत हरवलेल्या मुलांची चित्रं तशीच छापत. स्ट्रायडमने गाण्यांतली गावांची नावं वेचली. एकात डिअरबॉर्न सापडलं. नकाशा काढून बघितला, तर डिअरबॉर्न डेट्रॉइटला खेटून! तिथून धागा माइक थिओडोरपर्यंत पोचला. रॉड्रिगेझ कसा मेला, हे विचारायला फोन केला होता. पलीकडून कळलं की तो मेलेलाच नाही. पुढे रॉड्रिगेझची मोठी मुलगी एव्हा हिने ती वेबसाइट पाहिली आणि लिहिलं की हे माझे वडील आहेत.

(निवेदक क्षणभर थांबतो.)

इथे जरा अडखळायला होतं. ही गोष्ट जगाला सांगितली ती स्वीडिश दिग्दर्शक मलिक बेंजेलूल यांच्या २०१२ च्या माहितीपटाने, 'सर्चिंग फॉर शुगर मॅन'ने. सुंदर चित्रपट आहे, वादच नाही. पैसे संपले तेव्हा काही दृश्यं त्यांनी चक्क मोबाइलवर टिपली. पण ऑस्ट्रेलिया त्यांनी गाळली. तिथे रॉड्रिगेझ १९७९ मध्ये दौरा करून आला होता. १९८१ मध्ये पुन्हा गेला, तेव्हा 'मिडनाइट ऑइल'सारख्या बँडबरोबर गायला. सिडनीत त्याचा लाइव्ह अल्बमही झाला, नाव 'अलाइव्ह'. मरणाच्या अफवांना दिलेलं उत्तरच म्हणा ना. हे सांगितलं असतं तर चमत्कार थोडा फिका पडला असता, एवढंच.

आणि डेट्रॉइटमध्ये? तिथे हा माणूस महापौरपदासाठी उभा राहिला. नगर परिषदेसाठीही. हरवलेला माणूस मतपत्रिकेवर स्वतःचं नाव छापून घेत नाही. १९७६ मध्ये सरकारी लिलावात ५० डॉलरला घेतलेल्या घरात तो राहायचा. गाडी नव्हती, सगळीकडे पायीच फिरायचा. ज्याला हवा होता त्याला सापडत होता.

(दृश्य : अंधार. बास गिटारची एकच ओळ, पुन्हा पुन्हा.)

६ मार्च १९९८. केप टाउनजवळ बेलव्हिल, सायकल शर्यतींचं बंदिस्त मैदान. बासवाला 'आय वंडर' या त्याच्या गाण्याची सुरुवात वाजवू लागतो. ती ओळ तिथल्या पोराटोरांना पाठ. आणि रॉड्रिगेझ येतो. पंचावन्न वर्षांचा, किडकिडीत, काळा चष्मा.

आरडाओरडा थांबेचना. बासवाला तीच ओळ घोळवत राहतो, दुसरा इलाजच नाही. ज्याच्या येण्याची एवढी धांदल, तो मात्र गाडीची वाट बघत उभा असल्यासारखा शांत. शेवटी म्हणतो, मला जिवंत ठेवलंत, आभार.

सहा कार्यक्रम झाले. मग घरी परतला आणि पुन्हा तोडफोडीच्या कामावर रुजू.

त्या सगळ्या रेकॉर्डच्या विक्रीचे पैसे कुणाकडे गेले, हा प्रश्न पुढे कोर्टात गेला. जे हाती आलं त्यातलं बरंचसं त्याने घरच्यांना आणि मित्रांना वाटून टाकलं.

२०१३ च्या फेब्रुवारीत माहितीपटाला ऑस्कर मिळालं. रॉड्रिगेझ समारंभाला गेलाच नाही. कौतुक चित्रपट करणाऱ्यांचं आहे, मी मध्ये कशाला, असं त्याचं म्हणणं. नाव पुकारलं तेव्हा तो झोपला होता.

त्यानंतर कोचेला, ग्लास्टनबरी असे मोठे संगीत महोत्सव, मोठमोठी सभागृहं. सत्तरीतला माणूस. सगळेच कार्यक्रम चांगले झाले नाहीत. कधी सूर सुटायचा, कधी गाण्यांमध्ये लांबच लांब थांबणं. समीक्षकांनी लिहिलंही तसं. नवं गाणं एकही नाही, सत्तावीस-अठ्ठावीसाव्या वर्षी लिहिलेली तीच गाणी. फक्त तेव्हा ती एका तरुणाची तक्रार होती. सत्तरीच्या घोगऱ्या गळ्यातून आली की वाटे, याने हे सगळं नंतर स्वतः राहून, राबून तपासून घेतलंय.

(दृश्य : स्टेजची कड. दोन आकृत्या, हातात हात.)

काचबिंदूने नजर जवळपास गेली होती. मुलगी किंवा कुणी जवळचं हाताला धरून त्याला माइकपर्यंत आणून सोडायचं. तो टोपी सारखी करायचा, गिटारचा पट्टा चाचपायचा. समोर हजारो माणसं. तो आता त्यांच्याकडे तोंड करून उभा असायचा. ती त्याला दिसायची नाहीत, आवाजच काय तो यायचा.

८ ऑगस्ट २०२३ रोजी तो गेला, ८१ व्या वर्षी. यावेळी बातमी खरी होती.

(दृश्य : बासची ओळ. पडदा काळा.)