बिल्ला उलटा करा

[पडद्यावर: लाकडी टेबल. पत्र्याचा बिस्किटांचा डबा. एक हात त्यातून छोटा बिल्ला उचलतो.]

डबा बिस्किटांचा, पण आत बिस्किटं सोडून सगळं आहे. बिल्ले, पिना, तुटक्या आकड्या, कोणाच्या तरी कोटाचं एक बटण. जर्मनीत म्युनिकच्या जुन्या बाजारात असे डबे हमखास दिसतात, आणि तिथल्या नेमबाज मंडळांचे जुने बिल्ले जमवणारे त्यांत हात घालतात.

हा पहिला नग बघा. मधोमध चांदमारीचं गोल निशाण, त्यामागे फुलीसारख्या दोन बंदुका, भोवती ओकच्या पानांची माळ. आणि खाली साल: १४०६.

सहाशे वर्षांचा बिल्ला! डबा विकणाऱ्यानंही असंच काहीसं सांगितलं असतं, तर घेणाऱ्याचा हात लगेच खिशात गेला असता.

आता तो उलटा करू.

[पडद्यावर: बिल्ल्याची मागची बाजू, अगदी जवळून.]

मागे एक आखूड खिळा आणि त्यावर बसणारी दोन पंखांची चिमटी. शर्टाच्या कॉलरला आपण पिन लावतो ना, तीच. ही चिमटी विसाव्या शतकाच्या मध्याची, म्हणजे बिल्ला तुमच्या-माझ्या आजोबांपेक्षा तरुण. मग १४०६ कुठून आलं? ते साल नेमबाजांच्या मंडळाचं आहे. म्युनिकची ‘हाउप्टशुट्झेनगेझेलशाफ्ट’ आपला जन्म १४०६ चा सांगते. पुढची बाजू मंडळाची गोष्ट सांगते, मागची बाजू बिल्ल्याची. या छंदात नवखा माणूस पहिला आपटतो तो इथेच.

[पडद्यावर: जुन्या गावाची तटबंदी, मग मिरवणूक, ढोल, हिरवे कोट.]

ही मंडळं इतकी जुनी कशी? मध्ययुगातल्या जर्मन शहरांत तटाची राखण नागरिकांनाच करावी लागे. हातात आधी धनुष्यं होती, नंतर बंदुका आल्या. सराव हवा म्हणून नेम धरायच्या स्पर्धा सुरू झाल्या. पुढे तटांची गरज संपली, स्पर्धा मात्र राहिल्या आणि त्यांची जत्रा झाली. तिचं नाव ‘शुट्झेनफेस्ट’. बऱ्याच गावांत उंच खांबावर लाकडी पक्षी बसवतात. शेवटचा तुकडा जो पाडेल तो वर्षभराचा राजा. त्याच्या गळ्यात मंडळाची साखळी पडते आणि दर राजा तिला आपली एक चांदीची पट्टी जोडत जातो. साखळी मंडळाकडेच राहते. बाजारात येतात ते साध्या सभासदांचे बिल्ले आणि जत्रेच्या आठवणीच्या पिना.

१८६१ साली गोथा शहरात या मंडळांचा देशव्यापी संघ उभा राहिला. आश्रयदाता होता झाक्सन-कोबुर्ग-गोथाचा ड्यूक एर्न्स्ट दुसरा. पुढच्याच वर्षी फ्रँकफुर्टला पहिला मोठा मेळावा भरला. गंमत म्हणजे ‘जर्मन मेळावा’ म्हणून लोक जमले, तेव्हा जर्मनी नावाचा एकसंध देश व्हायला अजून नऊ वर्षं होती. सतरावा मेळावा पुन्हा फ्रँकफुर्टलाच भरला, १९१२ मध्ये, पहिल्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा. अशा मेळाव्याच्या बिल्ल्यावर बहुतेक वेळा मेळाव्याचा क्रमांक रोमन आकड्यात, गाव आणि साल तिन्ही असतात. तिथे मात्र पुढच्या बाजूवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

[पडद्यावर: भिंग. काळवंडलेला दुसरा बिल्ला.]

हा दुसरा. भिंगाखाली बघा, कडेला टाचणीच्या डोक्याएवढे ठसे आहेत: चंद्रकोर, मुकुट आणि ८००. कोर बघून काही जण तुर्कस्तानात पोचतात. पण हा चांदीवरचा जर्मनीचा छाप. हजारात आठशे भाग चांदी. या छापाचा कायदा १ जानेवारी १८८८ पासून लागू झाला. म्हणजे बिल्ला त्याआधीचा नाही, एवढं पक्कं. त्यानंतरचा कधीचाही असेल, कारण छाप पुढेही चालू राहिला.

काहींच्या पाठीवर ‘गेस. गेश.’ अशी अक्षरं असतात. कित्येक जण ते कारखानदाराचं नाव समजतात. ते कोणाचंही नाव नाही. अर्थ एवढाच की नमुना कायद्यानं राखीव आहे. कारखाना शोधायचा तर ल्युडेनशाइडचा स्टाइनहाउअर उंड ल्युक, म्युनिकचा डेशलर, न्युर्नबर्गचा लाउअर, अशी नावं शोधा.

आणि एक अक्षर कधीही सोडू नका. नमुन्याच्या नोंदणीची खूण ‘डी-आर-जी-एम’ असेल तर नोंदणी राइशच्या, म्हणजे १९४५ पर्यंतच्या जर्मन राज्याच्या काळातली, १८९१ नंतरची. ‘डी-बी-जी-एम’ असेल तर ती दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मन संघराज्यातली. ‘आर’च्या जागी ‘बी’, आणि मधे एक अख्खं महायुद्ध.

[पडद्यावर: गरुड, ओकची पानं, जाड वळणाची जुनी जर्मन अक्षरं.]

आता नाझींचा प्रश्न, कारण तो येतोच. गरुड दिसला, जाड अक्षरं दिसली, वर ‘गाउ’ हा शब्द वाचला, की लोक निकाल देऊन मोकळे होतात. मला ही घाई पटत नाही. गरुड आणि ओक हिटलरच्या कितीतरी आधीपासून आहेत. त्या अक्षरांना तर खुद्द नाझी सरकारनंच १९४१ साली कारभारातून हद्दपार केलं. नेमबाज मंडळं ती आजही हौसेनं वापरतात. ‘गाउ’ म्हणजे विभाग. नाझी पक्षाचे विभागही गाउच होते, पण शब्द त्यांचा नाही. बव्हेरियाच्या नेमबाजी संघात आजही गाउ आहेत. म्युनिकजवळच्या हॉखब्र्युकची, १९७२ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली रेंजही याच संघाकडे. म्युनिकच्याच २०१० च्या जागतिक स्पर्धेत कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं ५० मीटर प्रोनमध्ये सुवर्ण जिंकलं होतं.

तसंच ‘कोनिग्लिश प्रिविलेगिर्ट’, म्हणजे राजाची सनद असलेलं मंडळ. बव्हेरियाची राजेशाही १९१८ साली संपली. बिरुद अजून मिरवतात.

स्वस्तिक असेल तर गोष्ट वेगळी. जर्मनीत ते उघड्यावर मांडणं गुन्हा आहे, अभ्यास-संशोधनासारखे अपवाद सोडून. म्हणून विक्रेते त्यावर कागदाचा तुकडा चिकटवतात. नकली मालाचा सुळसुळाटही तिथेच, कारण पैसा तिथे आहे. खेड्यातल्या मंडळाच्या पंचवीस वर्षांच्या सभासदत्वाच्या पिनेची नक्कल करून कोणाचं पोट भरणार?

[पडद्यावर: डब्यातला शेवटचा नग. हात तो हळूच फिरवतो.]

हा शेवटचा. पुढे मिनाकारी, हिरवा रंग एका कडेला उडालेला. साल नाही, गाव नाही. मागे लांब टाचणी, पण ती मूळची नाही. कोणीतरी ती घरच्या घरी पुन्हा झाळून बसवली आहे. झाळ पसरली ती नेमकी कारखान्याच्या ठशावर. दोन अक्षरं तेवढी बाहेर डोकावतायत, आणि त्यातलं दुसरं ‘एल’ आहे की नुसता ओरखडा, हे भिंगाखालीही ठरत नाही.

पुढच्या रविवारच्या जत्रेला बिल्ला कोटावर हवा होता, बहुतेक.