निदान रेषा

(पडद्यावर: सांगली, कृष्णाकाठ. मातीच्या मैदानावर पोरं चुन्यानं रेषा आखतायत.)

कबड्डीत मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर एक रेषा असते. निदान रेषा. चढाईला गेलेल्या गड्यानं समोरच्या कुणाला शिवलं नसेल, तर ती ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद. अण्णा त्यांच्या कॉलेजच्या संघाचे पहिले चढाईपटू. पुढं सर्जन झाले आणि निदान या शब्दाचा दुसरा अर्थही त्यांच्या वाट्याला आला.

१८९४ साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातनं रेल्वेनं पेशंट येतात. अण्णांच्या ओपीडीत मात्र गर्दी मैदानावरच्या पोरांची. तासगावची, पलूसची, पार आटपाडीकडची. घोट्याची पकड बसते, पाय मातीत रुतलेला राहतो, अंग वळतं आणि गुडघ्यातला लिगामेंट तुटतो. सूज उतरली की वाटतं, बरं झालं. मग एक दिवस जिना उतरताना गुडघा सटकतो.

माझाही सटकायचा. आधी एके ठिकाणी मला सांगितलं होतं, खेळ सोड, नोकरी बघ. अण्णांनी गुडघा जरासा वाकवला, एका हातानं मांडी धरली, दुसऱ्यानं नडगी पुढं ओढली. ती सहज सरकली. त्यांनी विचारलं, "कुठल्या कोपऱ्यात खेळतोस?" दुखतंय का, ते नंतर. माझ्या लेखी अण्णा मोठे ठरतात ते या प्रश्नामुळं.

ऑपरेशनच्या वेळी कमरेत इंजेक्शन दिलेलं, पण मी जागा होतो. अण्णांची उजवी करंगळी वाकडी होती. कॉलेजात एका पकडीत मोडली, तशीच जुळली. ग्लोव्ह चढवताना ते ती डाव्या हातानं सरळ धरायचे, तेव्हा कुठं आत जायची. दुर्बिणीतनं त्यांनी माझ्याच मांडीमागच्या स्नायूची कंडरा घेऊन नवा लिगामेंट बसवला. "हाडात रुजायला वेळ लागतो बाळा. नऊ महिने दे मला."

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. ओसरल्यावर मैदानात नुसता गाळ. ओपीडी आटोपून अण्णा फावडं घेऊन यायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

यंदा अण्णा गेले. त्यांनी शेवटचा गुडघा ज्या पोराचा केला, त्याचे आज नऊ महिने पूर्ण झाले. मैदानात परतायच्या पहिल्या दिवशी अण्णांचं सांगणं ठरलेलं असायचं. "गडी मारायला जाऊ नको. निदान रेषा ओलांड आणि परत ये."

(आवाज: कबड्डी, कबड्डी, कबड्डी...)

पोरगं गेलं. रेषा ओलांडली. परत आलं.