पीटर्सबर्गचे पुतळे कुणाकडे बघतात?

मंडळी, रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये ते शहर वसवणाऱ्या झार पीटर द ग्रेटचे पुतळे बरेच आहेत. त्यातले तीन मी आज तुमच्यासमोर ठेवणार आहे. पुतळा कुणाचा आहे हे आपण लगेच विचारतो. तो कुणी उभारला आणि कुणाला काही सुनावण्यासाठी उभारला, हे विचारायचं राहून जातं. या शहरात तो दुसरा प्रश्न विचारल्याशिवाय काहीच नीट दिसत नाही. तीन पीटर झाले की आपण राजे सोडून देऊ आणि एका कुत्र्याकडे जाऊ, तुरुंगाबाहेर रांगेत ताटकळलेल्या बायकांकडे जाऊ.

पहिला पीटर सगळ्यांच्या ओळखीचा. नेवा नदीच्या काठी, दोन पायांवर उभ्या ठाकलेल्या घोड्यावर बसलेला. पुश्किनने 1833 मध्ये त्याच्यावर दीर्घकाव्य लिहिलं आणि तेव्हापासून ‘ब्राँझचा घोडेस्वार’ हेच त्याचं नाव पडलं. तो घडवला फ्रेंच शिल्पकार एतियेन फाल्कोने याने. राणी कॅथरीनने फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरोच्या शिफारशीवरून त्याला 1766 मध्ये बोलावून घेतलं होतं.

मला या पुतळ्यापेक्षाही त्याच्या खालचा दगड जास्त बोलका वाटतो. फाल्कोनेला घडीव, चौकोनी चौथरा नको होता, त्याला कडा हवा होता. असा दगड दाखवला सेम्यॉन विश्न्याकोव्ह नावाच्या शेतकऱ्याने. लाख्ता गावाजवळच्या दलदलीत निम्मी रुतलेली ती शिळा होती. तिच्यावर कधीकाळी वीज पडून तडा गेला होता, म्हणून लोक तिला ‘गडगडाटाचा दगड’ म्हणत. वजन सुमारे 1500 टन. एवढं ओझं दलदलीतून ओढणार कसं? तर त्यांनी हिवाळ्याची वाट बघितली. जमीन गोठून टणक झाल्यावर, 1769 च्या नोव्हेंबरात, शिळा हलली. कार्बुरी नावाच्या ग्रीक अधिकाऱ्याने तिच्याखाली तांब्याचा पत्रा मारलेल्या लाकडी पन्हळी टाकल्या आणि त्यांत धातूचे गोळे ठेवले. आजच्या बॉल बेअरिंगचंच तत्त्व. मागचे पन्हळ उचलायचे, पुढे मांडायचे आणि रहाटांवर दोर गुंडाळत शिळा पुढे ओढायची, असं जवळजवळ चारशे माणसं महिनोन्‌महिने करत होती. शिळेवर ढोलकरी उभे राहून इशारे देत, तिथेच लोहाराची भट्टी पेटलेली असे आणि पाथरवट चालत्या दगडावरच घाव घालत असत. मार्चअखेरीस शिळा समुद्रकिनाऱ्याला लागली आणि शरद ऋतूत तराफ्यावरून शहरात आली. ती उपसली त्या खड्ड्यात पाणी साचून झालेलं तळं आजही लाख्ताला आहे.

पुतळ्याचा चेहरा फाल्कोनेचा नाही. त्याने केलेले नमुने राणीला पसंत पडेनात; शेवटी त्याची शिष्या मारी-आन कोलो हिने पीटरचं डोकं घडवलं. रशियात आली तेव्हा ती जेमतेम अठरा वर्षांची होती. टाचेखालचा साप फ्योदोर गोर्देयेव्हचा. दिसायला तो पायदळी तुडवलेला शत्रू, पण काम करतो टेकूचं, घोड्याची शेपटी त्याच्यावर टेकलेली आहे. आणि 1775 मध्ये ओतकामाच्या वेळी नळी फुटून वितळलेलं ब्राँझ बाहेर सांडू लागलं, बाकीचे जीव घेऊन पळाले, तेव्हा येमेल्यान खाइलोव्ह हा ओतारी जागचा हलला नाही. त्याने ती गळती बुजवली. वरचा भाग नंतर पुन्हा ओतावा लागला, पण पुतळा वाचला. चौथऱ्यावर यातलं कुणीही नाही. तिथं एका अंगाला लॅटिनमध्ये आणि दुसऱ्या अंगाला रशियनमध्ये एवढंच आहे: पीटर पहिला यास, कॅथरीन दुसरी, 1782. कॅथरीन मूळची जर्मन राजकन्या. नवऱ्याला पदच्युत करून ती गादीवर बसली होती. रक्ताने पीटरची कुणीच लागत नव्हती. ‘पहिला’ आणि ‘दुसरी’ असे शेजारी कोरून तिने वारसा दगडावर उमटवून घेतला. अनावरणाला फाल्कोने नव्हता. राणीशी बिनसल्यामुळे तो चार वर्षं आधीच रशिया सोडून गेला होता.

आता दुसरा पीटर. हा मिखाइलोव्ह्स्की किल्ल्यासमोर आहे, शांत चालीच्या घोड्यावर. कार्लो रास्त्रेल्लीने तो पीटरच्या हयातीतच योजला होता, पण ओतून पुरा झाल्यावरही तो वर्षानुवर्षं अडगळीत पडला. कॅथरीनला तो आवडला नाही. तिचा मुलगा पॉल गादीवर आला. आईबद्दल त्याच्या मनात आयुष्यभराची अढी होती. त्याने हा पुतळा 1800 मध्ये बाहेर काढला, आपल्या नव्या वाड्यासमोर बसवला आणि खाली कोरलं: ‘पणजोबांना, पणतूकडून.’ आईच्या लेखाला दिलेलं हे सरळ उत्तर आहे. तू नातसून होतीस, रक्ताचा वारस मी आहे! पुढच्याच वर्षी, 1801 च्या मार्चमध्ये, त्याच वाड्यात दरबारी लोकांनी पॉलचा खून केला.

तिसरा पीटर बघून माणसं दचकतात. पीटर आणि पॉल किल्ल्याच्या आवारात, खुर्चीवर ताठ बसलेला. धड अवाढव्य, बोटं लांबलचक, आणि डोकं अगदी लहान, तुळतुळीत, विगशिवाय. मिखाइल शेम्याकिनचं हे काम 1991 मधलं. सोव्हिएत सरकारने या शिल्पकाराला वीस वर्षांपूर्वी देशाबाहेर घालवलं होतं. पुतळा बसला तेव्हा लोक खवळले, राजाची विटंबना म्हणाले. पण तो चेहरा खोटा नाही. रास्त्रेल्लीने 1719 मध्ये जिवंत पीटरच्या चेहऱ्याचा साचा घेतला होता, त्यावरूनच हे डोकं घेतलं आहे. म्हणजे शहरातला सगळ्यात विद्रूप म्हणवला गेलेला चेहराच खऱ्या माणसाच्या सगळ्यात जवळचा आहे. शिवाय जागा बघा: याच किल्ल्यात पीटरचा स्वतःचा मुलगा अलेक्सेई 1718 मध्ये छळानंतर मेला. इथं घोडा शोभला नसता, असं मला मनापासून वाटतं. आता लोक त्याच्या गुडघ्यांना, बोटांना हात लावतात. तेवढं ब्राँझ घासून पिवळंधमक झालं आहे.

राजांचं राजेपण किती टिकतं याचं एक उदाहरण देऊन पुढे जातो. तिसऱ्या अलेक्झांडरचा पाओलो त्रुबेत्स्कोयने केलेला पुतळा 1909 मध्ये रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकात बसला. क्रांतीनंतर त्याच्या चौथऱ्यावर राजाची निर्भर्त्सना करणारी कविता कोरली गेली, 1937 मध्ये तो चौकातून उचलून रशियन म्युझियमच्या आवारात टाकला, आणि 1994 मध्ये मार्बल पॅलेसच्या अंगणात आणला. तिथं तो ज्या चौथऱ्यावर उभा राहिला, त्यावर आधी लेनिनच्या आठवणीची चिलखती गाडी होती.

आता तो कुत्रा. आप्तेकार्स्की बेटावर, प्रायोगिक वैद्यकशास्त्राच्या संस्थेच्या बागेत, 1935 मध्ये त्याचं स्मारक झालं, इव्हान पाव्हलोव्हच्या इच्छेने. लाळेच्या प्रयोगांमुळे हे नाव आपल्याला शाळेपासून माहीत आहे. उंच खांबावर एक साधा कुत्रा बसलेला आहे, खाली कुत्र्यांची मुंडकी आणि त्यांच्या तोंडांतून पाण्याच्या धारा. पाव्हलोव्हने मजकूर स्वतः लिहून दिला. त्याचा आशय असा: माणसाचा हा अनादि काळापासूनचा मित्र विज्ञानासाठी बळी जाऊ दे, पण त्याला विनाकारण यातना होणार नाहीत हे पाहणं आपल्या माणुसकीवर बंधनकारक आहे. नोबेल मिळवून तीस वर्षं झालेला, ऐंशी ओलांडलेला माणूस आपल्या प्रयोगशाळेच्या दारात हे लिहून ठेवतो. ज्यांच्यावर आपण मोठे झालो त्यांचं ऋण असं उघड मान्य करणारं स्मारक मला दुसरं माहीत नाही.

नेव्स्की रस्त्याजवळ, मालाया सादोवाया गल्लीच्या तोंडाशी, भिंतीवर रेडिओचा कर्णा आहे, तो दुसऱ्या महायुद्धातल्या वेढ्याच्या दिवसांची आठवण म्हणून. 8 सप्टेंबर 1941 ते 27 जानेवारी 1944, म्हणजे 872 दिवस शहर जर्मन फौजांनी वेढलेलं होतं. रेडिओवर कार्यक्रम नसे तेव्हा मेट्रोनोमची, म्हणजे ठोके देणाऱ्या तालयंत्राची, टिकटिक चालू ठेवत. ठोका संथ असेल तर धोका नाही, जलद झाला की विमानं येताहेत. फोंतांका नदीच्या कठड्याखाली चिझिक-पिझिक या पक्ष्याचा 11 सेंटिमीटरचा पुतळाही आहे. तो अनेकदा चोरीला गेला आणि प्रत्येक वेळी शहराने पुन्हा बसवला.

शेवटी रांगेतल्या बायका. कवयित्री आन्ना अख्मातोव्हाचा मुलगा 1938 मध्ये पकडला गेला. क्रेस्ती तुरुंगाच्या भिंतीशी, हातात पार्सल घेऊन, ती इतर आया-बायकांबरोबर उभी राहत असे. त्यावर रचलेली ‘रेक्विएम’ ही कविता कागदावर ठेवणंही धोक्याचं होतं. विश्वासातल्या मैत्रिणींनी ती पाठ करून सांभाळली. सोव्हिएत रशियात ती छापली गेली 1987 मध्ये, अख्मातोव्हा गेल्यावर एकवीस वर्षांनी. कवितेच्या अखेरीस ती अट घालते: कधी माझं स्मारक केलंत, तर जन्मले त्या समुद्राकाठी नको, राजाच्या बागेत नको, इथंच करा, जिथं मी तीनशे तास उभी होते. 2006 मध्ये नेवाच्या काठी, तुरुंगाच्या समोरच्या तीरावर तिचा पुतळा बसला. सडपातळ बाई, मान वळवून पलीकडच्या लाल भिंतींकडे बघणारी.

तिथून जवळच शेम्याकिनचे दोन स्फिंक्स आहेत, 1995 मध्ये बसवलेले, राजकीय दडपशाहीच्या बळींचं स्मारक म्हणून. शहरात दोन खरेखुरे इजिप्शियन स्फिंक्स आहेत, तिसऱ्या आमेनहोतेपच्या काळातले, 1834 पासून कला अकादमीसमोर. शेम्याकिनचे त्यांच्यासारखे भव्य नाहीत. घरांच्या बाजूने बघितलं तर तरुणीचा सुरेख चेहरा. नदीच्या, म्हणजे तुरुंगाच्या बाजूने बघितलं तर उघडी कवटी. दोघांच्या मध्ये ग्रॅनाइटमध्ये कोठडीची खिडकी केली आहे, तिच्यातून क्रेस्ती दिसतो. रस्त्याच्या कडेने नुसतं चालत गेलात तर अर्धंच स्मारक दिसेल. तेव्हा कठड्यापर्यंत जा, वळसा घाला, आणि त्या खिडकीतूनही बघा.