मोठे टायर आणि मागे पडणारा काटा

एकाच एसयूव्हीची दोन चाके शेजारी शेजारी उभी केली आहेत अशी कल्पना करा. डावीकडचा टायर कारखान्यातून गाडीबरोबर आलेला असून त्याच्या कडेवर २६५/६५ आर १७ असे उमटवलेले आहे; उजवीकडचा नंतर बसवण्यासाठी आणलेला, त्यावर २८५/७० आर १७ असे दिसते. पहिला आकडा टायरची मिलिमीटरमधली रुंदी सांगतो, दुसरा त्या रुंदीच्या किती टक्के साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची आहे ते सांगतो आणि शेवटचा रिमचा इंचांतला व्यास. हिशेब केला तर जुन्या टायरचा व्यास ७७६ मिलिमीटर येतो, नव्याचा ८३१. जुने चाक एका फेऱ्यात २.४४ मीटर पुढे जात होते, नवे २.६१ मीटर जाते. फरक ७ टक्क्यांचा आहे, आणि गाडीला त्याचा पत्ताच नसतो.

याचे कारण असे की, स्पीडोमीटर वेग मोजत नाही, तो फेरे मोजतो, आणि एका फेऱ्यात गाडी किती पुढे सरकते हे कारखान्यात एकदा ठरवून दिलेले असते. एक किलोमीटर कापायला जुने चाक सुमारे ४१० वेळा फिरत असे. नव्याला ३८३ फेरे पुरतात. फेरे कमी झाल्यामुळे काटा मागे पडतो आणि तो १०० वर असताना गाडी १०७ च्या वेगाने धावत असते, अर्थात पूर्वी काटा तंतोतंत बरोबर होता असे धरले तर. ही अट बारकाईने पाहावी लागेल, पण त्याआधी एवढे लक्षात घ्यावे की, गाडी थांबवताना ब्रेकला जी ऊर्जा शोषून घ्यावी लागते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १०० च्या जागी १०७ झाले की ती जवळजवळ साडेचौदा टक्क्यांनी वाढते, आणि चालकाची नजर तर १०० याच आकड्यावर असते.

आता काट्याच्या मागे काय दडलेले असते ते पाहू. जर्मन अभियंता ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये ज्या पद्धतीच्या स्पीडोमीटरचे पेटंट घेतले, तीच पद्धत पुढे अनेक दशके बहुतेक गाड्यांत टिकून राहिली. गिअरबॉक्सच्या किंवा ट्रान्सफर केसच्या (फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या) बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर एक गिअर असतो, तो दुसऱ्या लहानशा गिअरला फिरवतो आणि त्या गिअरला जोडलेली केबल डॅशबोर्डपर्यंत फिरत येते. तिच्या टोकाला असलेले चुंबक अॅल्युमिनियमच्या एका वाटीत गरगर फिरते, पण वाटीला कोठेही स्पर्श करत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरा-प्रवाह, म्हणजे धातूत गोल फिरणारे विद्युतप्रवाह, निर्माण होतात आणि ते वाटीला चुंबकाच्या दिशेने ओढत नेतात. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत वाटी जिथे थबकते तिथे काटा थांबतो. एकूण कापलेले अंतर नोंदवणारा ओडोमीटर मात्र त्याच केबलवरून थेट दातेरी चक्रांनी चालतो. त्याला चुंबक नाही, स्प्रिंगही नाही, म्हणून त्याची चूक आणि काट्याची चूक एकच असेल असे गृहीत धरता येत नाही.

अशा जुन्या गाडीत दुरुस्तीची जागा म्हणजे केबलच्या मुळाशी असलेला तो लहान गिअर. त्याचे दाते कमी केले की केबल अधिक वेगाने फिरते आणि काटा वर येतो. मूळ गिअर १८ दात्यांचा असेल, तर आपल्या उदाहरणात १८ ला १.०७ ने भागून १६.८ दाते हवेत असे उत्तर मिळते. अपूर्णांकात दाते असत नाहीत, म्हणून १७ दात्यांचा गिअर घ्यावा लागतो आणि ७ टक्क्यांपैकी जवळजवळ ६ टक्के भरून निघतात. उरलेला एक टक्का सोडून द्यावा. काही गाड्यांत हा गिअर ज्या नळीत बसतो ती मुद्दाम केंद्रापासून किंचित सरकवून बनवलेली असते आणि दात्यांच्या संख्येप्रमाणे ती फिरवून बसवावी लागते. ते राहून गेले तर दाते नीट जुळत नाहीत आणि नवा गिअर थोड्याच दिवसांत झिजून जातो.

नंतरच्या गाड्यांत केबल गेली आणि सेन्सर आला. दात्यांची एक कडी फिरते, प्रत्येक दाता समोरून जाताना सेन्सर एक विद्युत ठोका पाठवतो, आणि ठोके मोजून संगणक वेग काढतो. येथे विचारायचा पहिला प्रश्न असा की, हे ठोके कुठून येतात? सेन्सर गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असेल, तर त्याच्या आणि मीटरच्या मधल्या तारेत एक छोटे उपकरण जोडून ठोक्यांची संख्या हव्या त्या प्रमाणात वाढवता येते. पण अलीकडच्या बहुतेक एसयूव्हींमध्ये वेग एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) चाकाजवळच्या सेन्सरवरून घेतला जातो आणि तीच माहिती ब्रेक, इंजिन, स्वयंचलित गिअरबॉक्स आणि घसरण रोखणारी यंत्रणा हे सर्वच वापरतात. तिथे तारेत ढवळाढवळ करणे मला धोक्याचे वाटते. योग्य वाट म्हणजे निदानाच्या पोर्टमधून गाडीच्या संगणकात शिरून टायरच्या घेराचा साठवलेला आकडा बदलणे, कारण मग सगळ्या यंत्रणांना एकच, खरा वेग मिळतो. काही गाड्यांत ही सोय उघडपणे असते; काहींत उत्पादकाचे सॉफ्टवेअर असल्याशिवाय तो आकडा हाती लागत नाही.

सेन्सरच्या जागेचा प्रश्न आणखी एका कारणाने महत्त्वाचा ठरतो. मोठ्या टायरने गाडी सुस्तावते, म्हणून पुष्कळ जण डिफरन्शियलचे क्राउन-पिनियनही, म्हणजे शाफ्टच्या किती फेऱ्यांत चाकाचा एक फेरा होतो हे ठरवणारी दातेरी जोडीही, बदलतात. ३.७३ च्या जागी ४.१० चे प्रमाण आले, तर चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे सुमारे १० टक्क्यांनी वाढतात. सेन्सर शाफ्टवर असेल, तर ही वाढ टायरची घट भरून काढते आणि वर काटा पावणेतीन टक्क्यांनी पुढेच जातो. सेन्सर चाकापाशी असेल, तर क्राउन-पिनियनचा मीटरशी काहीच संबंध उरत नाही आणि ७ टक्क्यांची चूक तशीच राहते.

आता मघाच्या अटीकडे येऊ. कारखान्यातून आलेला काटा सहसा तंतोतंत बरोबर नसतोच. तो थोडा जास्त दाखवतो, आणि तेही हेतुपुरस्सर. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या वाहन-नियमानुसार दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असू नये, आणि जास्त असला तरी खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ४ किलोमीटर या मर्यादेत असावा. म्हणजे खऱ्या १०० ला मीटरने ११४ दाखवले तरी चालते, ९९ दाखवलेले चालत नाही. ही मोकळीक काट्यापुरती आहे. ओडोमीटर असा मुद्दाम फुगवलेला नसतो.

यातूनच एक फसगत होते. समजा, जुन्या टायरवर काटा १०० दाखवत असताना खरा वेग ९५ होता. नवे टायर बसल्यावर त्याच काट्याला खरा वेग जवळजवळ १०२ होतो. मालक मोबाइलवरच्या जीपीएसशी ताडून पाहतो, दोनच किलोमीटरचा फरक दिसतो आणि तो समाधानाने म्हणतो की, उलट आता मीटर सुधारला. ओडोमीटर मात्र पूर्वी बरोबर होता आणि आता तो प्रत्येक १०७ किलोमीटरला १०० च नोंदवतो. तेलबदल उशिरा होतो. इंधनाचा हिशेबही बिघडतो: ५० लिटरमध्ये ५३५ किलोमीटर धावलेली गाडी कागदावर ५०० धावलेली दिसते, आणि मोठ्या टायरमुळे ॲव्हरेज पडले या तक्रारीतला काही भाग निव्वळ मोजमापातला असतो.

म्हणून दुरुस्ती करताना काटा जीपीएसशी जुळवत बसू नये. टायरच्या घेरांचे गुणोत्तर भरावे आणि खात्री ओडोमीटरवरून करावी. कडेवरच्या आकड्यांतून निघणारा घेर पुरेसा जवळचा असतो, पण गाडीच्या भाराखाली टायर खाली दबतो आणि प्रत्यक्षात दोन-चार टक्के कमी अंतर कापतो. अधिक बारकाईने मोजायचे असेल, तर टायरवर आणि जमिनीवर खडूची एक रेघ ओढावी, हवा नेहमीइतकी ठेवावी, गाडी सरळ रेषेत चाकाचे पाच फेरे होईपर्यंत हळूहळू ढकलावी आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजून पाचाने भागावे. जुन्या आणि नव्या, दोन्ही टायरांवर असेच केले की जे गुणोत्तर मिळते ते छापील आकड्यांपेक्षा भरवशाचे असते, विशेषतः इंचांत नाव दिलेल्या मोठ्या टायरांच्या बाबतीत, कारण त्यांतले बरेच मोजल्यावर नावापेक्षा थोडे लहान भरतात.

बदल केल्यावर मोकळ्या, सरळ रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांशी ओडोमीटर ताडून पाहावा. एका किलोमीटरवर समजणार नाही. दहा-वीस किलोमीटर तरी जावे. नंतर काटा जीपीएसपेक्षा थोडा पुढे आढळला, तर ते त्याचे मूळचे वागणे आहे; त्याला हात लावू नये. टायर झिजत जातील तसा घेर टक्का-दीड टक्क्याने घटेल आणि काटा आणखी थोडा पुढे सरकेल. तोही फरक सुरक्षित बाजूचा असल्यामुळे पुन्हा आकडा बदलण्याची गरज नाही. स्टेपनी मात्र त्याच मापाची घ्यावी लागते, कारण चार चाकांपैकी एकच लहान राहिले तर घसरण रोखणारी यंत्रणा ते चाक घसरते आहे असे समजू शकते आणि फोर-व्हील ड्राइव्हमध्ये ट्रान्सफर केसवर अकारण ताण येतो.

मधल्या काळात कमी नोंदले गेलेले किलोमीटर ओडोमीटरवर चढवण्याचा प्रयत्न करू नये; संगणकातला टायरच्या घेराचा आकडा बदलणे ही दुरुस्ती आहे, पण झालेल्या किलोमीटरचा आकडा बदलणे हा अनेक देशांत गुन्हा ठरतो. सर्व्हिस बुकात दोन ओळी पुरतात: कोणत्या किलोमीटरला कोणत्या मापाचे टायर बसवले आणि कोणत्या किलोमीटरला मीटर दुरुस्त केला. त्या दोन आकड्यांमधल्या अंतराला १.०७ ने गुणले की खरे अंतर मिळते, आणि पुढचा तेलबदल त्यावरून ठरवता येतो.