मुक्काम बँकॉकात, हिशोब परतीच्या गाडीचा

(कांचनाबुरी, बँकॉकहून ट्रेनने तीन तासांवरचं गाव. क्वाय नदीवरचा पूल, भर दुपार.)

दुपारचे अडीच वाजलेत, ऊन असं की रुळाला हात लावायची सोय नाही, आणि हे बघा, पुलावर मघापासून फोटो काढणारी माणसं एकेक करून स्टेशनच्या बाजूला सरकायला लागलीयेत. कारण बँकॉकला परत नेणारी शेवटची ट्रेन इथून पावणेतीनच्या आसपास निघते. दुपारी पावणेतीन, संध्याकाळी नाही! आपण सकाळी साडेदहाच्या पुढेमागे उतरलो, तीन तास येण्यात गेले, तीन जाण्यात जाणार, आणि मध्ये हातात राहिले जेमतेम चार.

एका शहरात मुक्काम ठेवायचा आणि रोज सकाळी निघून रात्री परत यायचं, हे कागदावर फार सोपं वाटतं. बॅगा उचलायला नकोत, हॉटेल बदलायला नको. पण आपण सगळे प्लॅन करताना जायचं कसं हेच बघत बसतो, आणि परत कसं यायचं ते तिथे गेल्यावर आठवतं. आम्ही आता उलटं करतो, आधी परतीची शेवटची गाडी शोधायची आणि मग तिथून मागे मागे मोजत यायचं, आणि असं मोजलं की निम्म्या ट्रिपा आपोआप गळतात, ज्या उरतात त्या नीट होतात.

(सकाळ. हुआ लाम्फाँग स्टेशन.)

बँकॉकची गंमत अशी की इथे दिशा बदलली की स्टेशनही बदलतं. उत्तरेला अयुथयाला, म्हणजे जुन्या राजधानीला जायचं तर साध्या पॅसेंजर गाड्या अजून या जुन्या हुआ लाम्फाँगवरून सुटतात, 1916 सालचं स्टेशन आहे हे, पण लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी 2023 पासून क्रुंग थेप अफिवात नावाच्या भल्यामोठ्या नव्या टर्मिनलवर गेल्यात. पश्चिमेला कांचनाबुरीला जायचं तर दोन्हीकडे जाऊन उपयोग नाही, ती गाडी चाओ फ्रया नदीपलीकडच्या थोनबुरी स्टेशनवरून सुटते. आणि मेक्लाँगच्या रुळांवरच्या बाजाराला जायचं तर वोंगवियान याई, तिथे पण एक फसगत आहे, त्या नावाचं मेट्रो स्टेशन वेगळं आणि रेल्वे स्टेशन वेगळं, मध्ये पंधरा-वीस मिनिटं चाल.

म्हणून हॉटेल बुक करायच्या आधी कुठल्या दिशेला जायचंय ते ठरवा. आमचं मत विचाराल तर जमिनीखालच्या एमआरटी मेट्रोच्या जवळ राहा, हुआ लाम्फाँग आणि नवं टर्मिनल दोन्ही त्याच लाईनवर येतात. हॉटेलच्या गच्चीवरचा स्विमिंग पूल वगैरे ठीक आहे हो, पण सकाळी पावणेआठच्या गाडीला बँकॉकच्या ट्रॅफिकमधून टॅक्सीत बसून जाताना तो पूल आठवत नाही.

नावांचं पण एक सांगायचं राहून जाईल. क्रुंग थेप म्हणजे देवांची नगरी, त्यातला थेप म्हणजे आपला देवच. थोनबुरी म्हणजे धनपुरी. कांचनाबुरी म्हणजे कांचनपुरी. आणि अयुथया म्हणजे अयोध्या. म्हणजे तिकीट काढताना तुम्ही धनपुरीहून कांचनपुरी असं मागताय, फक्त थाई जिभेवरून गेल्यामुळे ओळखू येत नाही.

अजून एक, घड्याळाचं. थायलंड भारताच्या दीड तास पुढे. इथले पहाटेचे सहा म्हणजे आपल्या शरीराचे साडेचार. पहिल्याच सकाळी लवकरची गाडी ठेवली तर तुम्ही जाल, पण झोपेत जाल. पहिला दिवस शहरातच घालवा. आणि स्टेशनवर सकाळी आठला राष्ट्रगीत लागतं तेव्हा सगळे आहेत तिथे उभे राहतात, आपणही थांबायचं, संध्याकाळी सहाला परत लागतं.

(अयुथया. विटांचे मनोरे, सायकली.)

सगळ्यात बिनघोर ट्रिप कुठली, तर ही. अंतर साधारण 80 किलोमीटर, पॅसेंजरने दीड-दोन तास, थर्ड क्लासचं तिकीट वीस बाथच्या (बाथ म्हणजे थाई चलन) आसपास, खिडक्या उघड्या, पंखे डोक्यावर. परतीच्या गाड्या संध्याकाळपर्यंत मिळत राहतात त्यामुळे एक चुकली तर दुसरी. स्टेशनवरून सरळ चालत गेलं की पासाक नदी, छोट्या होडीने पलीकडे, की आलं जुनं शहर. तीन नद्यांनी वेढलेलं बेट आहे ते, चाओ फ्रया, पासाक आणि लोपबुरी, चौदाव्या शतकात वसलं, चारशे वर्षं सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची राजधानी होतं, आणि 1767 मध्ये बर्मी सैन्याने जाळून टाकलं. त्यानंतर राजधानी खाली थोनबुरीला आणि मग बँकॉकला आली. म्हणजे आज आपण जिथे मुक्काम ठेवलाय ते शहर या शहराच्या राखेतून उठलेलं आहे, म्हणून ही ट्रिप आधी केली की बँकॉकमधली देवळं पण जरा वेगळी दिसतात.

वाट महाथातमधलं (थाईत वाट म्हणजे देऊळ) ते झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं मस्तक तुम्ही फोटोत पाहिलेलं असेलच. त्याच्यासोबत फोटो काढायचा तर खाली बसायचं, आपलं डोकं बुद्धाच्या डोक्याच्या वर जाता कामा नये. आजूबाजूला बघा, रांगेने बसलेल्या मूर्ती आहेत आणि कित्येकांना डोकीच नाहीत. तिथे आम्ही सगळ्यात जास्त वेळ थांबलो, कुणी काही बोललं नाही.

आता उन्हाचं. सगळ्या विटाच विटा, सावली कमी, साडेअकरा ते तीन सायकल चालवणं म्हणजे स्वतःलाच शिक्षा. इथे पण मागून मोजा. नदीच्या पश्चिम काठावरचं वाट चायवत्तनाराम शेवटी ठेवा, 1630 साली बांधायला घेतलेलं, कलत्या उन्हात ते काय दिसतं! म्हणजे सकाळी लवकर पोचून महाथात आणि फ्रा सी सान्फेत ही देवळं, मग दुपारी निवांत जेवण, चक्क दोन तास काही न करणं, आणि चारनंतर चायवत्तनाराम. ते दोन तास प्लॅनमध्ये लिहून ठेवा, नाहीतर कुणीतरी उत्साही माणूस तिथे अजून एक देऊळ घुसवतो. आमच्यात तो माणूस मीच होतो. खांदे आणि गुडघे झाकतील असे सुती कपडे घाला, देवळांसाठी पण आणि उन्हासाठी पण.

(परत कांचनाबुरी. युद्धस्मशान, हिरवळ, एकसारख्या पाट्या.)

कांचनाबुरी मात्र दमवणारी. ट्रेन थोनबुरीहून सकाळी पावणेआठ-आठच्या दरम्यान सुटते, परदेशी माणसाला अंतर कितीही असो 100 बाथ. लोक थेट पुलावर जातात आणि तिथेच दोन तास घालवतात, आम्ही सांगू की आधी मुख्य स्टेशनवर उतरा. तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर हे स्मशान आहे, जवळपास 7,000 कबरी, बहुतेक विशी-पंचविशीतली पोरं, ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच. जपान्यांनी 1942 ते 1943 मध्ये थायलंडहून बर्मात जाणारी 415 किलोमीटरची रेल्वे युद्धकैदी आणि मजुरांकडून बांधून घेतली. 12,000 च्या वर कैदी मेले, आणि आशियाई मजूर त्याच्या कितीतरी पट जास्त. त्यात मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ मजूर होते, म्हणजे आपलीच माणसं. त्यांच्या नावाची पाटी या रांगांमध्ये शोधू नका, नाहीये. शेजारच्या म्युझियममध्ये त्यांच्याबद्दल माहिती मिळते, तासभर ठेवाच.

मग तिथून पुलाकडे, दोन-अडीच किलोमीटर. हा पूल त्याच रेल्वेवरचा. त्याचे गोल कमानीचे गाळे मूळचे, मधले दोन कोनदार आहेत ते बॉम्बहल्ल्यानंतर बसवलेले. आणि पुलाशेजारीच स्टेशन आहे, परतीची गाडी तिथेच पकडायची, मागे यायची गरज नाही.

एरावान धबधबा? सात टप्प्यांचा, निळंहिरवं पाणी, सगळ्यांना तोच हवा असतो. पण तो गावापासून आणखी 65 किलोमीटर आत आहे. ट्रेनने येऊन, एरावान करून, त्याच दिवशी ट्रेनने परत, हे गणित बसतच नाही. एकतर कांचनाबुरीत एक रात्र राहा नाहीतर पहाटे गाडी करून फक्त धबधबाच करा. दोन्ही एका दिवसात दाखवतो म्हणणाऱ्याला एवढंच विचारा, पाण्यात किती वेळ मिळणार? खाओ याई जंगलाचं तेच. 1962 सालचं थायलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, हत्ती, गवताळ माळ, पण जाऊन-येऊनच पाच-सहा तास, आणि जनावरं दिसतात ती सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी, नेमकी आपण रस्त्यात असतो तेव्हा. सोडून द्या.

(पाऊस. काचेवर थेंब.)

मे ते ऑक्टोबर पाऊस, सप्टेंबर सगळ्यात ओला. बहुतेकदा दुपारनंतर धो धो येतो आणि तासाभरात उघडतो, त्यामुळे बाहेरचं सगळं सकाळी उरकायचं. पण सप्टेंबर-ऑक्टोबरला नद्या फुगलेल्या असतात, 2011 मध्ये अयुथयाची देवळं पाण्यात उभी होती, तेव्हा त्या महिन्यांत निघायच्या आधी बातम्या बघा. डिसेंबरात हवा छान पण सहाच्या आधीच सूर्यास्त, विषुववृत्ताजवळ संध्याकाळ रेंगाळत नाही, सूर्य पडल्यासारखा जातो.

(मेक्लाँग. छत्र्या मिटतायत, शिट्टी.)

शेवटची ही, आणि आमची लाडकी. वोंगवियान याईहून छोट्या गाडीने महाचाई, तासाभराचा रस्ता, लोकांच्या मागच्या अंगणातून जातेय असं वाटतं. तिथे रूळ संपतात. मासळीबाजारातून वाट काढत धक्क्यावर जायचं, होडीने था चिन नदी ओलांडायची, आणि पलीकडे बान लाएम नावाच्या स्टेशनवर दुसरी गाडी, जिचा पहिलीशी रुळाने काही संबंध नाही. या दुसऱ्या गाडीच्या दिवसाला फक्त चार फेऱ्या, ती चुकली की मग बसा. तीच गाडी शेवटी मेक्लाँगच्या भाजीबाजाराच्या मधून शिरते, विक्रेते ताडपत्र्या मागे ओढतात, भाजीच्या टोपल्या रुळाला लागून तशाच, गाडी त्यांच्या अगदी वरून जाते आणि ती गेली की अर्ध्या मिनिटात सगळं परत जागेवर.

इथून सात-आठ किलोमीटरवर अम्फावाचा तरंगता बाजार, पण फक्त शुक्रवार ते रविवार आणि तोही दुपारनंतर रंगतो. आणि मेक्लाँगहून बान लाएमकडे जाणारी शेवटची गाडी साडेतीनच्या सुमाराला! म्हणजे दोन्ही हवं असेल तर परतताना ट्रेन विसरायची, व्हॅन. आम्ही अम्फावाला पोचल्या पोचल्या आधी व्हॅनचा थांबा शोधला, शेवटची कधी ते विचारलं, परतीच्या सीटा धरल्या, आणि मग होडीच्या काठावर बसून भाजलेली कोळंबी खाल्ली.

अंधार पडल्यावर होडीवाला आम्हाला कालव्यात आत घेऊन गेला आणि इंजिन बंद केलं. काठावर लाम्फूची झाडं असतात, त्यांच्यावर काजवे बसतात, एकदम लुकलुकतात आणि एकदम विझतात. कॅमेऱ्यात ते काही नीट आलं नाही, जे आलं ते हे, काळ्या पडद्यावरचे चार ठिपके. मागून होडीवाला घड्याळाकडे बोट दाखवत काहीतरी म्हणाला, थाई कळलं नाही पण अर्थ कळला, आणि आम्ही मुकाट्याने होडी वळवायची खूण केली.