‘छोटी सी बात’ बघताना लोक कुठे हसतात

श्रोतेहो, नमस्कार.

बासू चटर्जींचा ‘छोटी सी बात’ जानेवारी १९७६ मध्ये प्रदर्शित झाला. गोष्ट साधी: भित्रा अरुण, म्हणजे अमोल पालेकर, रोज बसस्टॉपवर दिसणाऱ्या प्रभाच्या, म्हणजे विद्या सिन्हाच्या, प्रेमात पडतो आणि बोलायचा धीर काही होत नाही. आज एखाद्या फिल्म सोसायटीने तो लावला, की सभागृहात पहिली कुजबुज नायक-नायिकेवरून होत नाही. ती होते जहांगीर आर्ट गॅलरीतल्या ‘समोवार’वरून. १९६४ साली सुरू झालेलं ते उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झालं, त्यामुळे पडद्यावर ते ओळखू आलं की कुणीतरी शेजाऱ्याला कोपराने ढोसतंच. मग बेस्टची बस, स्टॉपवरची शिस्तीतली रांग, मोकळा रस्ता, विद्या सिन्हाच्या साध्या साड्या. प्रेक्षक एकेक वस्तू टिपत जातो. बाहेर पडताना वाक्यही ठरलेलं असतं: ‘काय साधे दिवस होते ते!’

मला आज सांगायचंय ते असं, की ही हळहळ त्या चित्रपटात नाही. ती आपण घरून घेऊन जातो. बासूदांनी चित्रपट काढला तो त्यांच्या ‘आज’वर. त्यातलं एकही पात्र मागे वळून बघत नाही, कुणालाही आपण साध्या दिवसांत जगतोय असं वाटत नाही. उलट सगळे वैतागलेले आहेत. बस वेळेवर येत नाही, धीर होत नाही, आणि प्रभाच्या ऑफिसातला एक सहकारी स्कूटर घेऊन मध्ये कडमडतो.

त्या स्कूटरचंच बघा. असरानीचा नागेश स्कूटरवरून येतो आणि बसच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रभाला मागे बसवून घेऊन जातो. आजचं सभागृह इथे मजेने हसतं, कारण ती जुनी स्कूटर आपल्याला गोंडस दिसते. १९७६ च्या प्रेक्षकाला ती गोंडस नव्हती. तेव्हा स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि ज्याच्याकडे स्कूटर त्याच्याकडे पैसा, ओळख किंवा नशीब यांपैकी काहीतरी होतंच. अमोल पालेकरच्या अरुणसमोर उभं आहे ते खरं संकट. तेव्हाचा प्रेक्षक हसला ते स्वतःच्या पोटात गोळा आल्यावर सुटणारं हसू. आपण हसतो ते संग्रहालयातलं.

कथेचा मूळ सांगाडा ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ या १९६० च्या ब्रिटिश चित्रपटाचा आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं आणि काही जण ते तक्रारीच्या सुरात सांगतात. तक्रार करण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून बघावेत. तिथल्या प्रतिस्पर्ध्याकडे भारी स्पोर्ट्स कार आहे, इथे स्कूटर. तिथे नायकाच्या गळ्यात खटारा मोटार मारतात, इथे मोटरसायकल. तिथे टेनिस, इथे टेबल टेनिस. प्रत्येक गोष्ट एका नोकरदाराच्या पगाराच्या आवाक्यात आणून ठेवलेली आहे. माझ्या मते दिग्दर्शकाची शैली ओळखायची तर ती या काटछाटीत. त्या पटकथेला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तो काही उगाच नाही.

बासूदा मूळचे व्यंगचित्रकार. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकात त्यांनी अनेक वर्षं चित्रं काढली. व्यंगचित्रकाराला एका चौकटीत माणूस उभा करावा लागतो आणि शेरा मारायला जेमतेम एक ओळ मिळते. त्यांच्या चित्रपटातली दुय्यम पात्रं बघा. कुणी दोन वाक्यं बोलून जातो, पण त्याचं घर, त्याचा पगार, त्याची बायको काय म्हणत असेल, हे सगळं कळतं. १९७९ च्या ‘बातों बातों में’मध्ये तर त्यांनी नायकालाच व्यंगचित्रकार केलं आणि सकाळी नऊ दहाच्या बांद्रा-चर्चगेट लोकलमध्ये नायिकेसमोर बसवलं.

आता अशा चित्रपटांवर एक हमखास प्रतिक्रिया असते: ‘छान आहे, पण काही घडतच नाही.’ घडतं. फक्त तेच तेच घडतं आणि दर वेळी थोडं बदलतं. बसस्टॉपचा प्रसंग परत परत येतो. जागा तीच, रांग तीच, बदलतं ते दोघांमधलं अंतर, अरुणच्या हातांचं काय चाललंय ते, प्रभाची मान किती वळते ते. विनोद या फरकात आहे, आणि फरक दिसायला आधीचं लक्षात राहावं लागतं. मोबाइलवर सव्वापट वेगाने बघणाऱ्यांना हा चित्रपट कंटाळवाणा वाटतो याचं कारण साधं आहे. वेग वाढवला की संवाद कळतात, पण संवादांच्या मधली चुळबुळ निघून जाते. पालेकरांचा अभिनय तर त्या चुळबुळीतच आहे. ते चित्रकलेतून आणि मराठी नाटकातून आलेले, शिवाय बँकेत नोकरी केलेले. टेबलामागे बसणाऱ्या माणसाची देहबोली त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

गाण्यांकडे वळू. ‘न जाने क्यूँ’ आठवा. लताबाईंचा आवाज, योगेश यांचे शब्द, सलिल चौधरींचं संगीत, आणि पडद्यावर विद्या सिन्हाचे ओठ मिटलेले. १९७४ च्या ‘रजनीगंधा’मध्येही तसंच. मुंबईच्या रस्त्यावरून टॅक्सी चालली आहे, मागच्या सीटवर विद्या सिन्हा आणि दिनेश ठाकूर, दोघांच्या मध्ये थोडी जागा, आणि मुकेश गातात ‘कई बार यूँ भी देखा है’. त्या गाण्यासाठी मुकेश यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा पार्श्वगीतांना आपण काव्यात्म वगैरे म्हणतो, ते बरोबरच आहे, पण त्यामागे कामाची सोयही आहे. पात्र ओठ हलवून गाणार असेल तर चित्रणाच्या जागी ध्वनिमुद्रित गाणं मोठ्याने वाजवावं लागतं, नाहीतर ओठ जुळत नाहीत. रस्त्यावर गाणं वाजलं की गर्दी जमते, आणि गर्दी जमली की रस्ता रस्त्यासारखा राहत नाही. गाणं मागे ठेवलं की छोटा कॅमेरा घेऊन गुपचूप काम उरकता येतं, नटीला गायचं नसल्यामुळे तिचा चेहरा मोकळा राहतो, आणि संकलकाला कुठलाही तुकडा कुठेही जोडता येतो. के. के. महाजन यांच्यासारखा छायालेखक हाताशी असला तर हे सगळं फारच जमून येतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या या माणसाने रस्त्यावरच्या उजेडाशी वैर धरलं नाही.

आता त्या ‘शांत मुंबई’विषयी. जुना चित्रपट बघून लोक म्हणतात, किती शांत होतं शहर! वाहनं कमी होती हे खरंच, पण शांततेचा मोठा वाटा ध्वनिमुद्रणाचा आहे. रस्त्यावरच्या चित्रणासाठी वापरले जाणारे हलके कॅमेरे चालू असताना चांगलेच घरघरत. त्यामुळे तिथला आवाज निरुपयोगी ठरे आणि संवाद नंतर डबिंगच्या खोलीत बोलून घेतले जात. पाठोपाठ मोजके आवाज भरले जात: एक हॉर्न, बसची घंटा, पावलं. भाजीवाला, दुकानातला रेडिओ, शेजारच्या दोघांचं भांडण, हे कुणी भरत बसत नसे. म्हणजे आपण ज्या शांततेसाठी उसासे टाकतो, ती बऱ्याच अंशी स्टुडिओत तयार झालेली आहे.

रंगांचंही तेच. जुन्या ईस्टमनकलर प्रतींमधला निळसर-हिरवा थर सगळ्यात आधी विरतो आणि चित्रावर लालसर-गुलाबी झाक चढते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कमी विटणारी फिल्म आली, त्याआधीच्या बहुतेक प्रतींना हा रोग आहे. आपण टीव्हीवर आणि इंटरनेटवर अशाच प्रतींवरून काढलेल्या नकला बघत आलो, आणि तो विटका रंग म्हणजेच ‘तो काळ’ असं डोळ्यांत बसलं. म्हणून एखादा जुना चित्रपट नीट दुरुस्त होऊन मूळ रंगांत समोर आला, की काही प्रेक्षक नाराज होतात. आकाश निळं दिसतं, साडी हिरवीगार दिसते, आणि त्यांना वाटतं काहीतरी बिघडलं. पूर्वी घरातल्या कृष्णधवल दूरदर्शन संचावर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसह रविवारी संध्याकाळी हे चित्रपट पाहिलेल्यांची तर गंमतच वेगळी. त्यांच्या आठवणीत रंगच नाहीत.

या गोड आठवणींतून एक गोष्ट मात्र सहज निसटते. ‘छोटी सी बात’ प्रदर्शित झाला तेव्हा देशात आणीबाणी होती. त्या मोकळ्या रस्त्यावर ती दिसत नाही. हा काही मी दिग्दर्शकावर ठेवलेला आरोप नाही, पण ‘साधे दिवस’ म्हणताना एवढं ध्यानात असावं.

विशी-पंचविशीतल्या प्रेक्षकांची प्रतिक्रिया वेगळी असते, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. अरुण प्रभाच्या मागे मागे तिच्या ऑफिसपर्यंत जातो, तिथे थोरले हसतात आणि धाकटे एकमेकांकडे बघतात. मुलीचा रोज पाठलाग, यात हसण्यासारखं काय? मला विचाराल तर ते निम्मे बरोबर आहेत. निम्मे अशासाठी की प्रभाला सगळं ठाऊक आहे, तिची मजा चालली आहे, आणि भित्रा असण्याचं ओझं पूर्णपणे त्याच्या डोक्यावर आहे. पण बाकीचा निम्मा आक्षेप उरतोच. तिला मजा वाटते हे पटकथेने ठरवलं म्हणून आपण निर्धास्त आहोत. पुढे अशोककुमारचा कर्नल खंडाळ्याला अरुणला जे डावपेच शिकवतो, त्यात मुलगी जिंकायची वस्तूच आहे. चित्रपट त्या शिकवणीची थट्टा करतो आणि तिचा फायदाही उकळतो. दोन्ही गोष्टी एकदम चालू आहेत हे मान्य केल्याने चित्रपट काही लहान होत नाही.

आज जुन्या काळातल्या हलक्याफुलक्या प्रेमकथा नव्याने काढल्या जातात, त्यातल्या बऱ्याच फसतात. कारणं साधारण तीच. चौकटीतली प्रत्येक वस्तू एकाच वर्षातली असते. १९७६ च्या खऱ्या घरात आजोबांचं कपाट असायचं, लग्नात आलेलं घड्याळ असायचं आणि परवा घेतलेली प्लास्टिकची बादली असायची. कलादिग्दर्शक चोरबाजारातून एका दमात सगळं उचलतो आणि घराचं दुकान होतं. कपडे इस्त्रीचे, कुणाच्या काखेत घाम नाही. वर सगळ्या दृश्यांना पिवळट रंग फासलेला, म्हणजे विटलेल्या फिल्मची नक्कल. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे पात्रांना आपण भूतकाळात आहोत हे माहीत असतं. ती काळ्या टेलिफोनकडे प्रेमाने बघतात. अहो, त्या टेलिफोनवर लोक ओरडत असत, लाइन लागत नाही म्हणून आपटत असत!

याउलट १९७२ चा ‘पिया का घर’ बघा. राजा ठाकूरांच्या ‘मुंबईचा जावई’वरून बासूदांनी केलेला. नव्या जोडप्याला चाळीत एकांत मिळत नाही, एवढीच गोष्ट. चाळीचं कौतुक करायला कुणी थांबत नाही, कारण सगळ्यांना जागेची पंचाईत आहे. चाळ आवडायला लागते ती आपल्याला, आणि तीही लिफ्टच्या इमारतीत राहायला गेल्यावर.

तुमच्या सोसायटीत किंवा वाचनालयात असा चित्रपट लावणार असाल, तर थोडी तयारी करा. खेळाच्या आदल्या दिवशी प्रत तपासा. कडा कापून पडदाभर ताणलेली प्रत असेल तर ती नको, कारण बसस्टॉपवरच्या रांगेतली टोकाची माणसं त्यात कापली जातात आणि अर्धा विनोद तिथेच असतो. आवाज एकाच वाहिनीचा असतो, त्यामुळे खोलीच्या मागच्या रांगेत बसून संवाद ऐकून बघा. गाण्यांना आवाज वाढवायचा मोह टाळा, नाहीतर पुढचा हळू संवाद बुडतो. मध्यंतर जिथे दिलंय तिथेच घ्या. प्रास्ताविक पाच मिनिटांच्या वर नको, आणि त्यात कथा सांगू नका. चर्चा ठेवलीत तर थोरल्यांना आणि धाकट्यांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसू देऊ नका. आणि पहिला प्रश्न ‘आवडला का?’ असा विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. कुठे हसलात आणि कुठे हसू आलं नाही, ते विचारा. नमस्कार.