जेवणाच्या टेबलावरची गुणसूत्रं

(दृश्य: काचपट्टीवर पडणारा थेंब, अगदी जवळून)

या थेंबात एका रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी आहेत. रक्ताच्या कर्करोगाचा संशय आहे. विभाजन अर्ध्यावर आलेल्या पेशी कोल्सेमिड हे रसायन घालून तिथेच थोपवल्या आहेत, कारण गुणसूत्रं आखूड आणि सुटी दिसतात ती याच टप्प्यावर. मग पोटॅशियम क्लोराइडचं विरळ द्रावण घातलं, तशा पेशी टम्म फुगल्या. मिथेनॉल आणि ॲसेटिक ॲसिडने त्या पक्क्या केल्या. आता थेंब थोड्या उंचीवरून सोडला की पेशी काचेवर पसरते. स्प्रेड चांगला पडला तर ठीक, गुणसूत्रं एकमेकांवर चढली असतील तर दुसरी पेशी शोधायची.

पुढे ट्रिप्सिन हे प्रथिनं पचवणारं विकर, मग जिम्साचा रंग, आणि प्रत्येक गुणसूत्रावर उमटलेले हे आडवे पट्टे. या पट्ट्यांवरून नववं कोणतं, बाविसावं कोणतं, हे सांगणारी नजर तयार व्हायला बराच काळ जातो.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर जोड्या लावणारी तंत्रज्ञ)

ही जुळवाजुळव आता संगणकावर होते. १९७२ साली शिकागोत ती कात्रीने होत होती, आणि तीही घरी, जेवणाच्या टेबलावर.

(दृश्य: जॅनेट राऊली यांचं जुनं छायाचित्र)

जॅनेट राऊली. जन्म १९२५, न्यूयॉर्क. पंधराव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून त्या शिकागो विद्यापीठात आल्या. तिथल्या वैद्यकीय शाखेत तेव्हा ६५ विद्यार्थ्यांमागे मुलींसाठी जागा होत्या ३. जॅनेट यांची निवड झाली तेव्हा तिन्ही भरलेल्या. नऊ महिने थांबून त्यांनी प्रवेश घेतला. १९४८ साली डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी डोनाल्ड राऊली यांच्याशी लग्न केलं. चार मुलगे झाले. घर सांभाळून त्या डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या दवाखान्यात अर्धवेळ काम करत राहिल्या.

याच मुलांच्या पेशींत एकविसावं गुणसूत्र एक जास्त असतं, हे १९५९ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी दाखवलं. जॅनेट यांचं कुतूहल चाळवलं. १९६१ मध्ये नवऱ्याच्या कामासाठी ऑक्सफर्डला जायची वेळ आली, तेव्हा त्यांनी तिथे गुणसूत्रं अभ्यासायचं तंत्र शिकून घेतलं. परत आल्यावर रक्तविकारांचे तज्ज्ञ लिओन जेकबसन यांच्याकडे त्यांनी बसायला जागा, सूक्ष्मदर्शक आणि थोडा पगार मागितला. कामाचे दिवस आठवड्यातून तीन. जेकबसन हो म्हणाले.

अर्धवेळ काम करणाऱ्या बाईचं संशोधन म्हणजे वेळ घालवणं, असं आपल्याकडेही आजवर सर्रास मानलं जातं. म्हणून हे तीन दिवस इथे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

(दृश्य: कृष्णधवल फोटोतून गुणसूत्र कापणारी कात्री)

फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफोर्ड या संशोधकांना १९६० साली एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात, सीएमएलमध्ये, एक गुणसूत्र नेहमीपेक्षा खुजं दिसलं होतं. त्याचा तुकडा गळून हरवला असावा, असा समज होता. बहुतेकांच्या मते तर गुणसूत्रांतली ही मोडतोड कर्करोगाचा परिणाम होती, कारण नव्हे.

ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मुक्कामात राऊली पट्टे पाडायचं नवं तंत्र शिकून आल्या. क्विनाक्रिन हा चमकणारा रंग, अतिनील प्रकाश, त्यात घेतलेले फोटो. ते फोटो घरी आणायचे, एकेक गुणसूत्र कापायचं, टेबलावर मांडायचं. मुलांना ताकीद असे, जवळ येऊन शिंकू नका! आई कागदी बाहुल्यांशी खेळते, असं मुलं म्हणत.

आधी एका वेगळ्या प्रकारच्या ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, त्यांना आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केलेली दिसली. मग सीएमएलचे फोटो पुन्हा मांडले. बाविसावं खुजं होतंच, पण नवव्याच्या टोकाला थोडा भाग जास्तीचा होता. दुसऱ्या रुग्णातही तेच, तिसऱ्यातही तेच. तुकडा हरवलेला नव्हता, नवव्यावर जाऊन बसला होता. १९७३ साली ‘नेचर’मध्ये हे छापून आलं. तीच अदलाबदल, त्याच दोन गुणसूत्रांत, रुग्णामागून रुग्णात. याला योगायोग म्हणणं अवघड होतं, तरी मान्यतेला वर्षं लागली.

(दृश्य: गोळ्यांची पट्टी, रुग्णालयाचा व्हरांडा)

पुढे कळलं की या अदलाबदलीत नवव्यावरचं एबीएल हे जनुक बाविसाव्यावरच्या बीसीआर या जनुकाला येऊन जुळतं आणि पेशीला वाढीचा इशारा थांबतच नाही. तो इशारा बंद करणारं इमॅटिनिब हे औषध अमेरिकेत २००१ मध्ये मंजूर झालं. भारतात त्याच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये फेटाळला आणि स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. राऊलींना १९९८ मध्ये वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला, २००९ मध्ये प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम हा अमेरिकेचा नागरी सन्मान. डिसेंबर २०१३ मध्ये त्या गेल्या.

(दृश्य: पुन्हा पट्टे, पंधरा आणि सतरा क्रमांकावर बाण)

आणखी एक अदलाबदल त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये शोधली, पंधरा आणि सतराची. ही अदलाबदल ज्यात दिसते त्या ल्युकेमियात रुग्ण रक्तस्रावाने काही दिवसांत दगावू शकतो, पण व्हिटॅमिन ए पासून बनलेलं एटीआरए हे औषध वेळेत सुरू झालं तर बहुतेक जण बरे होतात. त्यामुळे पंधरा-सतरा दिसली की आधी वॉर्डात डॉक्टरांना फोन जातो, छापील रिपोर्ट नंतर.